लाईट सांभाळणारा वायू युरोपला नको का झाला? सगळा खेळ इलेक्ट्रॉनच्या टकरीचा

भंडाऱ्याहून महामार्गाने नागपूरकडे निघालं की थोड्याच अंतरावर शहापूर लागतं. पूर्वेला गोंदिया जिल्ह्यात ३,३०० मेगावॉटचा तिरोडा वीज प्रकल्प आणि पश्चिमेला नागपूरजवळचं कोराडी. राज्याला वीज देणाऱ्या या पट्ट्यातल्या मोठ्या सबस्टेशनचा एक पहारेकरी आपल्याला कधी दिसत नाही. तो आहे ब्रेकरच्या टाकीत कोंडलेला सल्फर हेक्झाफ्लोराईड, म्हणजेच एसएफ-६ वायू.

युरोपियन युनियनने मात्र या वायूला रजा द्यायचं ठरवलंय. १ जानेवारी २०२६ पासून तिथे २४ हजार व्होल्टपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये, काही अपवाद सोडले तर, एसएफ-६ चालत नाही. त्याहून जास्त व्होल्टेजच्या उपकरणांसाठी २०३२ पर्यंतचे टप्पे ठरले आहेत. इतका उपयोगी वायू असा अचानक नकोसा का झाला?

हा वायू करतो तरी काय?

लाईनमध्ये फॉल्ट आला की ब्रेकरचे दोन संपर्क एकमेकांपासून दूर होतात. पण वीज एवढ्यावर थांबत नाही. मधल्या फटीत हजारो अंश तापलेली ठिणगी पेटते, ती म्हणजे प्लाझ्मा. विद्युत दाबामुळे त्यातले इलेक्ट्रॉन वेग घेतात, रेणूंवर आदळतात आणि त्यांच्यातून आणखी इलेक्ट्रॉन बाहेर काढतात. एकाचे दोन, दोनाचे चार होतात. ही साखळी तुटली तरच वीजप्रवाह थांबतो.

इथे एसएफ-६ कामाला येतो. क्रिकेटमधला स्लिपचा फिल्डर डोळ्यासमोर आणा. संथ इलेक्ट्रॉन जवळून गेला की हा रेणू त्याचा कॅच घेतो. इलेक्ट्रॉन चिकटला की रेणूचा ऋण आयन बनतो. हा आयन इलेक्ट्रॉनच्या मानाने इतका जड असतो की त्याला पटकन वेग घेता येत नाही. इलेक्ट्रॉनची संख्याच घटल्यामुळे साखळी तुटते. म्हणूनच सारख्या दाबाखाली एसएफ-६ ची वीज अडवण्याची ताकद हवेच्या सुमारे अडीच पट आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण गळतीत आहे. १०० वर्षांच्या हिशेबाने एक किलो एसएफ-६ सुमारे २४ टन कार्बन डायऑक्साईडइतकी उष्णता अडवतो. शिवाय तो इतका स्थिर आहे की एकदा वातावरणात गेला की शेकडो वर्षं तिथेच राहतो. १९९७ च्या क्योटो करारातल्या हरितगृह वायूंच्या यादीतही त्याचं नाव होतं.

मोबाईलच्या चिपशी काय संबंध?

याच कुटुंबातले वायू चिपच्या कारखान्यातही लागतात. २०२२ मध्ये तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातला गेला आणि २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली, हे अनेकांना आठवत असेल. अशा कारखान्यात सिलिकॉनवर केसापेक्षा कितीतरी बारीक नक्षी कोरावी लागते. ते काम प्लाझ्मा करतो.

कार्बन टेट्राफ्लोराईड, म्हणजे सीएफ-४ घ्या. हा रेणू संथ इलेक्ट्रॉनला दाद देत नाही. पण इलेक्ट्रॉनची ऊर्जा सुमारे १६ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत गेली की टकरीत त्याचं आयनीकरण होतं. गंमत म्हणजे अख्खा सीएफ-४ आयन टिकत नाही. तो लगेच फुटतो आणि हाती येतो सीएफ-३ आयन आणि सुटा फ्लोरिन अणू. हा फ्लोरिन सिलिकॉनशी जोडला जातो आणि त्याचा वायू होऊन निघून जातो. नक्षी कोरली जाते ती अशी. त्यातून न फुटलेला सीएफ-४ बाहेर सुटला, तर तो सुमारे ५० हजार वर्षं वातावरणात राहू शकतो.

म्हणजे एका ठिकाणी इलेक्ट्रॉन पकडायचा असतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्याकडून रेणू फोडून घ्यायचा असतो.

पर्याय शोधणं अवघड का?

काही पर्याय वापरात आलेही आहेत. कमी व्होल्टेजला व्हॅक्युम आणि कोरडी हवा चालते. कार्बन डायऑक्साईडमध्ये थोडा फ्लोरोनायट्राईल मिसळूनही ब्रेकर बनतात. पण कोणताही नवा वायू निवडताना पहिला प्रश्न तोच असतो: किती ऊर्जेचा इलेक्ट्रॉन आदळला तर रेणू त्याला पकडेल, फोडला जाईल की त्याला नुसता परतवेल?

या शक्यतेच्या मापाला 'क्रॉस सेक्शन' म्हणतात. टकरीसाठी रेणू इलेक्ट्रॉनला केवढा मोठा 'दिसतो', हे त्यावरून कळतं. हे आकडे चुकले तर प्लाझ्माचं संगणकावरचं सगळं गणित चुकतं. सीएफ-४ चे विखुरलेले आकडे तपासून अमेरिकेच्या 'निस्ट' या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये एकत्र मांडले होते. पण सीएफ-२, सीएफ-३ असे तुकडे क्षणभरच टिकतात, त्यामुळे त्यांच्यावर प्रयोग करणं फार अवघड जातं. तिथे क्वांटम सिद्धांतावरच्या गणिताला पर्याय नसतो.

या कामात भारत मागे नाही. गुजरातमधल्या वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठातले प्रा. के. एन. जोशीपुरा आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं हीच गणितं करत आले. २०१९ मध्ये त्यांनी नायजेल मेसन यांच्यासोबत या विषयावर पुस्तकही लिहिलं.

चिपच्या कारखान्याला हजारो कोटी लागतात. क्रॉस सेक्शनच्या गणिताला लागतो चांगला संगणक, पक्कं भौतिकशास्त्र आणि काही वर्षांचा धीर. शहापूरमध्ये मनोहरभाई पटेल यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. कारखाना कोणत्या राज्यात जाणार हे अशा गावांच्या हातात नसतं. पण त्या कारखान्याला आणि उद्याच्या ब्रेकरला लागणारे आकडे काढण्याचं काम विदर्भातल्या विद्यार्थ्यांनाही करता येईल. त्यासाठी भूसंपादन लागत नाही, संशोधनाला पाठबळ मात्र लागतं.