डिफ्रन्शियलचे तेल : नुसते ‘९० नंबर’ पुरे नाही

नेसरीहून आजरा-चंदगडकडे धावणारी जीप पावसाळ्यात चिखल, शेतरस्ते आणि ओढे तुडवते. अशा गाडीच्या हाउसिंगमध्ये कोणते तेल घालता, असे विचारले की उत्तर ठरलेले : ‘९० नंबर!’ आमच्या मते हे उत्तर अर्धेच आहे. ९० हा आकडा फक्त दाटपणा सांगतो. हायपॉइड क्राउन-पिनियनचे दात प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घसटत फिरतात. तेथे तेलाचा थर फाटला तरी दात वाचावेत म्हणून गंधक-फॉस्फरसची द्रव्ये लागतात. ती जीएल-५ प्रतीच्या तेलात भरपूर, जीएल-४ मध्ये कमी. म्हणून येथे जीएल-५ च घ्यावे. उरलेले तेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतण्याची काटकसर मात्र नको. तेथील पितळी रिंगा ते खाऊ शकते. कंपनीच्या पुस्तकात लिहिले असेल तेच घालावे.

पण खरा वैरी पाणी. तापलेले हाउसिंग ओढ्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसले तर किलोमीटर मोजत बसू नये, लगेच बदलावे. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर बांधून घेतली तर खर्च किरकोळच येतो.

गॅरेजवाल्या बंधूंनी सुटे तेल ओतू नये, सीलबंद डबा गिऱ्हाइकासमोर फोडावा. क्राउन-पिनियनचा जोड बदलायचा तर गाडीवाल्याची कित्येक फेऱ्यांची कमाई जाते; तोवर गाडी दारात उभी, ते नुकसान वेगळेच.