करभार आणि प्रजाधर्म

राजानें कर भ्रमराप्रमाणें घ्यावा, मध घेतांना झाड दुखवूं नये, असें शांतिपर्व सांगतें. स्वतंत्र भारतांत मात्र १९७३-७४ सालीं दोन लाखांवरील उत्पन्नास प्राप्तिकर अधिभारासह ९७.७५ टक्के होता!

त्या काळांत, १९५६ सालीं स्थापन झालेल्या 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ' ह्या संस्थेतर्फे नानी पालखीवाला दरवर्षीं अंदाजपत्रकाची जाहीर चिकित्सा करीत. १९५८ सालीं मुंबईच्या एका हॉटेलांतील लहानशा दालनांत सुरू झालेलें हें व्याख्यान पुढें गर्दीमुळें ब्रेबर्न क्रीडांगणावर न्यावें लागलें.

आम्ही जन्मभर मुलांना जमाखर्चाचीं उदाहरणें घातलीं. सरकारच्या जमाखर्चाचें एकहि घातलें नाहीं, ही चूक आज सलते. वाचकहो, यंदाचें अंदाजपत्रक मुलांना जवळ बसवून वाचा. जी प्रजा हिशेब मागत नाहीं, तिचें स्वातंत्र्य नांवापुरतेंच उरतें.