रात्रपाळी आणि विश्रांतीचा हक्क

गाव झोपलेले असते, तेव्हा रुग्णालयातील परिचारिका, रेल्वेचे कर्मचारी, कारखान्यातील कामगार आणि पहारेकरी जागे असतात. समाजाची रात्र निर्धास्त जावी म्हणून ते आपली रात्र खर्ची घालतात. या जागरणाचे मोल केवळ भत्त्याने फिटते का?

मानवी शरीरात दिवस-रात्रीच्या तालावर चालणारे एक घड्याळ असते. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पहाटेच्या सुमारास शरीराचे तापमान उतरते, लक्ष ढळते, हात मंदावतो आणि चुका वाढतात. यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराला अशी एक डुलकीही जिवावर बेतू शकते. त्यात उत्पादनाचेही नुकसान होतेच.

दिवसा झोपून ही भरपाई होते, असे मानले जाते. परंतु उजेड, उकाडा व गोंगाट यांमुळे ती झोप तोकडीच राहते. त्यातच दिवसा झोपणाऱ्याला आळशी ठरवले जाते, हा तर अन्यायच होय.

म्हणून पाळ्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने बदलाव्यात. सलग रात्रपाळ्या मोजक्याच असाव्यात आणि कामाच्या मध्ये विश्रांती मिळावी. ही मालकाची जबाबदारी आहे. घरच्यांनी व शेजाऱ्यांनीही आवाज आवरावा. कामगाराची झोप ही चैन नव्हे. त्याच्या आणि इतरांच्या सुरक्षिततेचा तो पाया आहे.