संगणकाची वाट आणि मराठवाड्याचा तरुण

लातूरहून पुण्याकडे आणि नांदेडहून हैदराबादकडे निघणाऱ्या रात्रीच्या गाड्यांत अलीकडे एक नवा प्रवासी दिसू लागला आहे. तो नुकताच बारावी झालेला विद्यार्थी नव्हे. त्याचे वय सत्तावीस-अठ्ठावीसच्या घरात असते. हाती बी.एस्सी. किंवा एम.ए.ची पदवी असते, जोडीला बहुधा डी.एड. अथवा बी.एड. असते, आणि मागे विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या मानधनावर किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत घालवलेली चार-पाच वर्षे असतात. तो निघालेला असतो सॉफ्टवेअर शिकायला. त्याला नोकरी मिळाली की गावच्या चौकात अभिनंदनाचा फलक लागतो. न मिळाल्यास तो मुकाट्याने परत येतो. त्यामुळे या व्यवसायांतराकडे व्यक्तीच्या जिद्दीची गोष्ट म्हणून पाहण्याची सवय समाजाला लागली आहे. वस्तुतः हा प्रश्न एकट्यादुकट्याच्या जिद्दीचा नसून एका प्रदेशाच्या रोजगाराचा आहे.

हा तरुण आपला पहिला मार्ग लहरीखातर सोडत नाही. एके काळी या भागातील मध्यम स्थितीच्या शेतकरी कुटुंबात मुलाला डी.एड.ला प्रवेश मिळणे म्हणजे घराची चिंता मिटणे होते. पुढे पदविकाधारकांची संख्या आणि शाळांतील जागा यांचा मेळ उरला नाही. २०१२ नंतर शिक्षकभरती दीर्घकाळ थांबली, २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षेची अट आली, आणि भरतीची वाट पाहता पाहता एका पिढीची उमेदीची वर्षे सरली. लिपिकाच्या पदाचीही हीच कथा आहे. एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात, तेव्हा प्रयत्न सोडणाऱ्याला भित्रा म्हणता येत नाही.

उच्च शिक्षणाच्या संस्था या भागात नाहीत असेही नाही. नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली उभे राहिले. १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी शिक्षणाला वाट करून दिली, आणि त्याच सुमारास लातुरातही अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडात स्थापन झाले. शिक्षण आले, परंतु त्या शिक्षणाला काम देणारा उद्योग त्याच्यामागून आला नाही. १९४८ पर्यंत मराठवाड्याचा माणूस दाद मागण्यासाठी आणि शिकण्यासाठी हैदराबादेकडे पाहत असे. संस्थान गेले, भाषिक राज्य आले, आणि १९९८ मध्ये हैदराबादेत सायबर टॉवर्स उभे राहिल्यानंतर नांदेडचा तरुण पुन्हा त्याच दिशेने निघाला. इतिहासाची ही थट्टा सुखावह नाही.

येथे 'लातूर पॅटर्न'चा विचार अपरिहार्य ठरतो. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी शिस्त, सराव आणि सततच्या चाचण्या यांच्या बळावर मागासलेल्या प्रदेशातील मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची दारे उघडून दिली. त्या महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हेच पुढे नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. हे यश कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु या पद्धतीचा पाया असा की अभ्यासक्रम ठरलेला असतो, प्रश्नांचे स्वरूप ओळखीचे असते आणि उत्तर एकच असते. संगणकाच्या व्यवसायात यांपैकी काहीच स्थिर नाही. तेथे आज शिकलेली भाषा काही वर्षांत मागे पडते, आणि प्रश्न कोणता आहे हे शोधून काढणे हेच निम्मे काम असते. तरीही या वाटेवर निघालेला तरुण आपली जुनी सवय बरोबर नेतो. तो 'मुलाखतीचे संभाव्य प्रश्न' पाठ करतो, तयार प्रकल्प उतरवून घेतो, आणि चार महिन्यांच्या वर्गाला परीक्षेची तयारी समजतो. दोष त्याचा नाही. त्याला आजवर दुसरे काही शिकवलेलेच नाही.

या अज्ञानावर एक बाजार उभा राहिला आहे. नोकरीची हमी देणारे वर्ग, न केलेल्या कामाचा अनुभव कागदावर दाखवण्याचा सल्ला देणारे मध्यस्थ, आणि हप्त्यांनी फी फेडण्याची सोय हे त्याचे घटक होत. एखाद्या वर्गाची फी साठ हजार रुपये धरली, तर २०२५-२६ च्या हंगामासाठी जाहीर झालेल्या ५,३२८ रुपये हमीभावाने अकरा क्विंटलांहून अधिक सोयाबीन विकावे लागते. खोलीचे भाडे आणि खाणावळ वेगळी. ज्या वर्षी सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील उभे पीक पाण्याखाली गेले, त्या वर्षी हे अकरा क्विंटल कोठून यावेत, हा प्रश्न वर्गाच्या जाहिरातीत नसतो. तो कुटुंबाला सावकाराच्या दारात विचारावा लागतो. मुलाचे व्यवसायांतर अशा रीतीने बापाचे कर्ज होते.

शिवाय ज्या उद्योगाकडे हा लोंढा निघाला आहे, तोही पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, आणि तेव्हापासून कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने झपाट्याने सुधारली. साधी आज्ञावली लिहिणे, चाचण्या घेणे, तक्रारींना उत्तरे देणे ही कामे नवख्याला या क्षेत्रात पहिले पाऊल टाकू देत. नेमकी हीच कामे यंत्राला आधी जमू लागली. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीसारख्या बलाढ्य कंपनीने बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले; त्यांत मधल्या आणि वरच्या फळीतील लोकांचा भरणा होता. अनुभवी माणसाचीच ही स्थिती असेल, तर अठ्ठाविसाव्या वर्षी शून्यापासून सुरुवात करणाऱ्याला 'संगणकात नोकऱ्याच नोकऱ्या' असे सांगणे प्रामाणिकपणाचे नाही.

याचा अर्थ दार बंद झाले असा मात्र नव्हे. जो शिक्षक होता त्याने आपले शिक्षकपण विसरून केवळ आज्ञावलीकार व्हावे, ही कल्पनाच चुकीची आहे. विद्यार्थी भागाकारात कोठे अडखळतो हे त्याला ठाऊक आहे. शाळेसाठी साधने बनवणाऱ्या अभियंत्याला ते ठाऊक नसते. सहकारी पतपेढीतील लिपिकाला थकबाकी कशी लपवली जाते हे कळते. आडतीवर हिशेब ठेवणाऱ्याला शेतमालाच्या पट्टीतील खाचाखोचा कळतात. यंत्र आज्ञावली लिहू लागले, तरी काय लिहायचे आणि लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे सांगणारा माणूस लागणारच. त्या माणसाचे जुने काम हे त्याचे भांडवल आहे. ते फेकून देऊन जो निघतो, तो गर्दीत शेवटचा ठरतो.

परंतु हे भांडवल उपयोगात आणण्याची व्यवस्था व्यक्तीने एकट्याने उभारायची नसते. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटीच्या द्वारे गावोगावच्या लिपिकाला आणि शिक्षकाला संगणकासमोर बसवले, हा अनुभव राज्याच्या गाठीशी आहे. आता त्यापुढची पायरी हवी. नांदेडचे विद्यापीठ आणि त्याचे लातूर उपकेंद्र यांनी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला नोकरी सांभाळून, सायंकाळी, माफक फीमध्ये दोन वर्षांत पुरा करता येईल असा पायाभूत अभ्यासक्रम चालवावा. मद्रासच्या आयआयटीने प्रवेशासाठी जेईईची अट न घालता दूरस्थ पद्धतीने विदाशास्त्राची पदवी देऊ केली. मग जिल्ह्यातील विद्यापीठाने मागे राहण्याचे कारण काय? २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली आणि पदवीधराला दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन देऊ केले. अशा योजनेतील तरुणाकडून कार्यालयात केवळ नोंदी भरून घेण्याऐवजी, जिल्हा परिषद, बाजार समिती आणि पाणीपुरवठा यांच्या माहितीवर त्याला खरे काम करू दिले, तर खोट्या अनुभवपत्राची गरज उरणार नाही.

वर्गांच्या बाजारालाही लगाम हवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी क्षेत्रातील फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि नोकरीच्या हमीसारख्या दाव्यांना मनाई केली. परंतु दिल्लीतील तत्त्व लातूरच्या फलकापर्यंत पोहोचण्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणारा तक्रारदार लागतो. आणि फसलेला तरुण लाजेपोटी तक्रार करीत नाही. महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी आणि शिक्षक संघटनांनी या बाबतीत त्याच्यामागे उभे राहणे हे त्यांचे कर्तव्यच आहे.

मराठवाड्याच्या विकासाची चर्चा आजवर रेल्वे, पाणी आणि अनुशेष यांभोवती फिरली, आणि ती योग्यच होती. आता तिच्यात आणखी एका अनुशेषाची भर घातली पाहिजे. दुसऱ्यांदा सुरुवात करू पाहणाऱ्याला या प्रदेशात आधार नाही. अठराव्या वर्षी परीक्षेत पहिला येणाऱ्याचा सत्कार करण्यात लातूर आणि नांदेड कधी कमी पडले नाहीत. अठ्ठाविसाव्या वर्षी पुन्हा पाटी हाती घेणाऱ्यासाठी ही शहरे काय करतात, यावरून पुढील काळात त्यांची पारख होईल.