जयप्रभाची जमीन आणि आपले मौन

जयप्रभा स्टुडिओचा विषय निघाला की आपल्याच चळवळीतील काही साथी नाक मुरडतात. भालजी पेंढारकर हिंदुत्ववादी होते. त्यांच्या वास्तूसाठी समाजवाद्यांनी का झुरावे, असा त्यांचा सवाल. सवाल सोपा आहे, म्हणूनच फसवा आहे.

भालजींचे राजकारण आम्हांस मान्य नव्हते आणि आजही नाही. पण बाबूराव व भालजी या बंधूंचे युद्धोत्तर काळातील काम त्या एका शिक्क्यात मावत नाही. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींचा खून झाला आणि कोल्हापुरात उसळलेल्या जाळपोळीत जयप्रभा भस्मसात झाला. खुनी एक, शिक्षा एका जातीला, हा न्याय कोणत्या पुरोगामित्वात बसतो? 'मीठभाकर' आगीत गेला. भालजींनी तो पुन्हा उभा करून १९४९ साली पडद्यावर आणला. पुढे १९६५ च्या 'साधी माणसं'मध्ये त्यांनी एका लोहाराचे घर कथेच्या मध्यभागी ठेवले. आणि थोरले बाबूराव? भावाचा स्टुडिओ जळून सहा वर्षे होतात न होतात तोच, १९५४ साली, आचार्य अत्र्यांच्या चित्रपटात ते महात्मा फुले म्हणून उभे राहिले. नाक मुरडणाऱ्या साथींनी या दोन घटना एकापुढे एक ठेवून पाहाव्यात.

आता मूळ मुद्दा, आणि तो अर्थशास्त्राचा आहे. जळालेला स्टुडिओ भालजींनी कर्ज काढून उभारला, कर्जाने त्यांना वाकवले आणि १९५९ साली वास्तू लता मंगेशकर यांच्याकडे गेली. खरेदीदार कोण, हा प्रश्न गौण. स्टुडिओच्या भाड्यापेक्षा त्याखालच्या जमिनीचा भाव वाढला की खाजगी मालकीत स्टुडिओ टिकत नाही. मालक कितीही सहृदय असो. २०२२ साली जमिनीच्या विक्रीची वार्ता फुटली व कोल्हापूरचे कलावंत रस्त्यावर आले, तेव्हा हेच सूत्र उघडे पडले.

शासनाने १९७५ पासून मराठी निर्मात्यांना करमणूक कराचा परतावा दिला. ठीकच. परंतु परतावा चित्रपटागणिक मिळत असे आणि खर्चून जाई. भांडवल जमिनीवर व यंत्रांत असते, तेथे शासनाने हात आखडता घेतला. सहकाराने उसाला कारखाने दिले. त्याच कोल्हापुरात पडद्यामागील सुतार, रंगारी, प्रकाशयोजक यांची सहकारी मालकी कोणास सुचली नाही, हे आम्हांस कोडेच वाटते.

बुलढाण्याचा कार्यकर्ता म्हणेल, यात आमचे काय? खामगाव-मलकापूरच्या जिनिंगमधील हमालाने तिकिटावर जो कर भरला, त्याच तिजोरीतून तो परतावा गेला. करमणूक कर २०१७ साली वस्तू व सेवा करात विलीन झाला. भरणारा तोच राहिला. जिल्ह्यातील किती पोरांना कॅमेरा हाताळायचा आहे, हे आपल्या शाखांनी विचारून पाहावे. त्यांनी मुंबईला जाऊन कोणाच्या दारात उभे राहायचे?

म्हणून पक्षाने मागणी नेमकी करावी: जयप्रभाची जमीन शासनाने ताब्यात घ्यावी, इमारतीसाठी तिचा एक फूटही विकू नये, आणि चालवण्याचा अधिकार तंत्रज्ञ-कामगारांच्या सहकारी संस्थेला द्यावा, ज्यात विदर्भ-मराठवाड्याच्या मुलांसाठी राखीव जागा असतील. आपल्या जिल्हा समितीने हा ठराव पुढच्या बैठकीत मांडावा.