‘देवाचे राज्य’ : एक गैरसमज

ख्रिस्ती मनुष्य रोजच्या प्रार्थनेत देवाच्या राज्याची याचना करतो, हे ऐकताच आपल्या समाजातील पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतात. ज्याला या देशात दुसरेच राज्य हवे आहे, त्याची निष्ठा कोठे असणार, असा प्रश्न देवळांच्या सभामंडपांतही विचारला जातो. हा आक्षेप आम्हांस सर्वस्वी चुकीचा वाटतो. आणि आम्ही हिंदू आहोत म्हणूनच तसे स्पष्ट सांगणे आमच्याकडे अधिक येते.

आक्षेपाचे मूळ आम्ही जाणतो. सोळाव्या शतकातील गोव्यात क्रूस आणि राजमुद्रा एकाच हातात होती. त्या शतकाच्या सातव्या दशकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास न्यावी लागली. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली. ज्यांची कुलदैवते पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर नेऊन वाचवावी लागली, त्यांच्या वंशजांनी ‘राज्य’ या शब्दाने दचकावे यात नवल नाही. परंतु फिर्याद योग्य प्रतिवादीवर लावली पाहिजे. ती देवळे पाडली पोर्तुगालच्या राजसत्तेने आणि तिच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या धर्माधिकाऱ्यांनी. त्यांनी येशूचा शब्द घेतला आणि त्यात आपल्या राजाचा अर्थ भरला. आज आपले आक्षेपक नेमका तोच अर्थ खरा मानून चालतात, म्हणजे ज्यांच्याशी भांडावयाचे त्यांचेच भाष्य प्रमाण धरतात!

शुभवर्तमानांच्या मूळ ग्रीक पाठात या ठिकाणी ‘बासिलेया’ हा शब्द आहे. तेथे त्याचा रोख मुलखावर नसून राजेपणावर, अंमलावर आहे. देवाचे राज्य म्हणजे देवाच्या इच्छेचा माणसाच्या वागण्यावर चालणारा अंमल. येशूचे दृष्टान्त पाहावेत : मोहरीचा दाणा, पिठात मुरणारे खमीर, शेतात पुरलेली ठेव. रोमन सुभेदार पिलाताच्या चौकशीत त्याने हे राज्य या जगाच्या जातीचे नाही असे सांगितले आणि त्याची खूण अशी दिली की, तसे असते तर आपले अनुयायी लढावयास उभे राहिले असते. ते राज्य आलेले आहे आणि यावयाचेही आहे, असे ख्रिस्ती मत आहे. पुष्कळांना हे कोडे वाटते. आमच्यासारख्या वकिली पेशाच्या माणसास वाटू नये. हुकूमनामा झाला आहे, बजावणी चालू आहे!

आम्ही सुरतेस राहतो, आणि या वादातील सर्वांत बोलका पुरावा आमच्या मते याच शहरातला आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. इंग्रज आणि डच यांनी हत्यारे सज्ज करून आपापल्या वखारी राखल्या. कापुचिन पंथाचा फ्रेंच पाद्री आम्ब्रोज याच्याजवळ तसले काहीच नव्हते; तरी त्याच्या घरास धक्का लागला नाही. फिरंगी पाद्री ही भली माणसे आहेत, त्यांना त्रास देऊ नये, असे महाराजांनी म्हटल्याचे बर्निये या फ्रेंच प्रवाशाने नोंदवून ठेवले आहे. त्याच नोंदीत आणखी एक घर आहे : डचांच्या एका मृत हिंदू दलालाचे. तो हयातीत मोठा दानशूर होता असे कळल्यावरून तेही वगळण्यात आले. इंग्रजांची वखार राखणारा जॉर्ज ऑक्झिंडन १६६९ साली येथेच वारला. त्याची घुमटाकार कबर एखाद्या नबाबाच्या थडग्यास लाजवील अशी आहे. येशूच्या व्याख्येप्रमाणे त्या दिवसांतील सुरतेत देवाचा अंमल कोठे होता, हे शोधावयाचे तर तोफांच्या आडची वखार सोडून त्या दोन घरांकडेच जावे लागेल. आणि त्यांतले एक हिंदूचे होते.

ज्यांना ही कल्पना परकी वाटते त्यांनी गांधीजींकडे पाहावे. दक्षिण आफ्रिकेत १८९४ साली टॉलस्टॉयचे याच विषयावरील पुस्तक वाचून ते भारावून गेले होते. पुढे १९२९ साली, रामराज्य म्हणजे हिंदूंचे राज्य नव्हे, ईश्वराचे राज्य, असा खुलासा त्यांनी केला. पुढच्याच वर्षी ज्या दांडीस त्यांनी मीठ उचलले, ती त्या काळी सुरत जिल्ह्यातच होती.

कायद्याविषयी एवढेच. बळाने, लालूच दाखवून वा कपटाने धर्मांतर घडविणे गुजरातेत २००३ च्या कायद्याने दंडनीय झाले. अशा मार्गांनी आणलेला मनुष्य देवाच्या राज्यात येत नाही, हे शुभवर्तमानावरूनच ठरते. तेव्हा प्रामाणिक ख्रिस्त्याचे त्या मनाईने काही बिघडू नये. परंतु धर्मांतर करविणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी, हे त्याच कायद्यातील कलम आम्हांस मान्य नाही. पिलाताचे काम सरकारने अंगावर घेऊ नये.

आता एक शब्द ख्रिस्ती प्रचारकांस. आपण वर्षाकाठी बाप्तिस्म्यांचा आकडा मांडून देवाचे राज्य इतके वाढले असे म्हणता, तेव्हा लिस्बनच्या दरबाराचाच हिशेब पुढे चालविता. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. बावीस वर्षे मिशनच्या चौकटीत काढल्यावर १९१७ साली ते तिच्याबाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्याचे दार बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोघांही ख्रिस्तभक्तांस उघडे होते. १९१९ साली टिळक वारले. त्या दरबारातील बाप्तिस्मा न घेतलेली माणसे कोणत्या रकान्यात मोजावयाची, हा प्रश्न आम्ही आकडे मांडणाऱ्या प्रचारकांपुढे आणि त्या आकड्यांस भिणाऱ्या आमच्या बांधवांपुढे एकदमच ठेवतो.