अडतीस फुटांचा हट्ट

हे लिहिल्यावर आमचे एक मेहुणे माझ्यावर रागावणार, हे गृहीत धरूनच लिहायला बसले आहे. ते माझं सगळं लिखाण नेमाने वाचतात आणि शुद्धलेखनाच्या चुकाही काढतात (मराठीच्या शिक्षिकेच्या! असो). तेव्हा मेहुणे, जे फोनवर बोलायला जमलं नाही ते इथे चारचौघांत बोलते. रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

विषय असा. माझी धाकटी बहीण आणि मेहुणे गेली चाळीस वर्षं न्यू जर्सीत आहेत. मेहुणे 71 चे, बहीण 68 ची, दोघंही निवृत्त. मुलं आपापल्या संसारात. आता राहतं घर विकायचं, मोटारहोम घ्यायची आणि बाराही महिने तिच्यातच राहून अमेरिका बघत हिंडायचं, असं दोघांनी ठरवलंय. इकडच्या नातेवाइकांना हे ऐकून धक्का बसला. "या वयात घरदार विकून वणवण?" वगैरे. मला तसं मुळीच वाटत नाही. आपल्याकडे वानप्रस्थ नुसता पुस्तकात राहिला, हे दोघं चाकांवरून निघालेत, खुशाल जाऊ देत. माझं भांडण जाण्याशी नाही, गाडीच्या लांबीशी आहे. मेहुण्यांनी 38 फुटांची गाडी पसंत केली आहे. माझं म्हणणं, 25 फुटांच्या पुढे जाऊ नये.

ज्यांनी मोटारहोम पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तिकडे तिचे तीन वर्ग मानतात. 'क्लास ए' म्हणजे सरळसोट बसच. 25 फुटांपासून 45 फुटांपर्यंत. 'क्लास बी' म्हणजे मालवाहू व्हॅनच्या पोटात बसवलेलं घर, साधारण 18 ते 24 फूट. 'क्लास सी' या दोहोंच्या मधली: पुढे ट्रकची किंवा व्हॅनची केबिन, मागे खोली. (ए आणि सीच्या मध्ये बी यायला हवी, पण ती सर्वात लहान. हा क्रम कोणी लावला त्याला माझ्या वर्गात बाकावर उभं केलं असतं.) मेहुण्यांची 38 फुटी म्हणजे आपल्या एसटीच्या बसएवढी, हे डोळ्यांसमोर आणा.

मोठ्या गाडीच्या बाजूने जे बोललं जातं ते मी सगळं ऐकून घेतलं आहे. पहिलं म्हणजे "बारा महिने राहायचं तर जागा हवी." अहो, आम्ही दोघी बहिणी गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलो, सहा माणसांत. 25 फूट लांब आणि 8 फूट रुंद गाडी बाहेरून मोजली तर 200 चौरस फूट भरते. त्यातली केबिन सोडली तरी दोन माणसांना पुरे. खोलीबाहेर आम्हाला गॅलरी होती, यांना ॲरिझोनाचं अख्खं वाळवंट आहे. हां, चार दिवस सलग पाऊस लागला तर निवृत्त नवरा आणि 25 फूट हे गणित अवघड आहे, हे मी मान्य करते. पण ते 38 फुटांतही अवघडच राहतं. भिंत नसलेली खोली लांब केली म्हणून तिच्या दोन खोल्या होत नाहीत.

दुसरं, "नातवंडं येतील." येतील ना, वर्षातून चार दिवस. त्या चार दिवसांसाठी 361 दिवस 13 फूट जास्त ओढत फिरायचं? जवळपास लाकडी केबिन भाड्याने मिळते, ती घ्यावी.

तिसरं सामान. इथे खरं दुखणं आहे. बहिणीकडे आईचं पितळी पातेलं आहे, शेगडी आहे, पुस्तकांची दोन कपाटं आहेत, आणि मेहुण्यांकडे हत्यारांच्या पेट्या. मोठी गाडी घेतली की काय ठेवायचं आणि काय द्यायचं हा निर्णय टाळता येतो, म्हणून ती हवीशी वाटते. घर विकायचं आणि मग तेच घर चाकांवर घालून हिंडायचं, याला निघणं म्हणत नाहीत. पातेलं मुलीकडे जाऊ दे.

आता रस्त्याचं. अमेरिकेत 62 वर्षांवरच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना 80 डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आजन्म पास मिळतो आणि त्यावर उद्यानांच्या बऱ्याच तळांवर अर्ध्या दरात मुक्काम करता येतो. दोघांनी तो केव्हाच काढून ठेवलाय. पण ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरच्या मेदर तळावर 30 फुटांपेक्षा लांब गाडी घेत नाहीत. योसेमिटीच्या अप्पर पाइन्समध्ये 35 फूट ही हद्द. यातले कितीतरी तळ जुने, तंबू आणि छोट्या गाड्या यांच्या काळात आखलेले. झाडं तोडून ते कोणी रुंद करणार नाही, करूही नये. म्हणजे पास खिशात, आणि मुक्काम मात्र उद्यानाबाहेर खासगी तळावर, पूर्ण पैसे मोजून.

खोटं कशाला सांगू, काही रस्त्यांवर 25 फुटीही चालत नाही. मोंटानातल्या ग्लेशिअर उद्यानाचा 'गोइंग-टु-द-सन' रस्ता घ्या: मधल्या घाटात 21 फुटांपेक्षा लांब किंवा 8 फुटांपेक्षा रुंद गाडीला मज्जाव, आणि रुंदी मोजताना आरसेसुद्धा धरतात. झायनचा 1930 साली झालेला बोगदा तर मोठ्या गाड्यांसाठी दुसऱ्या बाजूची वाहतूक थांबवून एकेरी करत. 2023 च्या मे महिन्यात आम्ही तिघं भाड्याच्या 25 फुटी गाडीतून गेलो तेव्हा त्यासाठी 15 डॉलर भरले होते. जून 2026 पासून तिथून मोठ्या गाड्या बंदच करण्याचं उद्यानाने जाहीर केलं, आणि रुंदीच्या नियमात आमची ती गाडीसुद्धा अडकते. तिथे वळसा घालावा लागणार. पण अडणारी ठिकाणं 25 फुटीला मोजकी, 38 फुटीला पदोपदी.

यावर मेहुण्यांचं उत्तर तयार असतं: "मोठ्या गाडीमागे छोटी मोटार बांधायची, तळावर बस ठेवायची आणि मोटारीने हिंडायचं." तिकडे सर्रास करतात. अशा बांधलेल्या मोटारीला गमतीने 'टोड', म्हणजे बेडूक म्हणतात. पण चारी चाकांवर ओढली जाणारी मोटार मागे बांधली की गाडी रिव्हर्स घेता येत नाही. चुकून बंद गल्लीत शिरलात तर आधी उतरून बेडूक सोडायचा, मग मागे यायचं. शिवाय दोन इंजिनं, दोन विमे, दहा टायर. मोठी पेट्रोलची क्लास ए गॅलनला आठेक मैल जाते, म्हणजे लिटरला साडेतीन किलोमीटरसुद्धा नाही. डिझेलवरच्या व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली 25 फुटी क्लास सी त्याच्या दीडपट तरी जाते.

हे सगळं झालं तरी मी गप्प बसले असते. पैसा त्यांचा, रस्ता त्यांचा. मी लिहायला बसले ते एका गोष्टीसाठी, आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात मला दिसली नाही. 38 फुटांची गाडी माझी बहीण चालवणार नाही.

विक्रेत्याकडे ती त्या सीटवर बसली, आरशांतून मागे पाहिलं आणि उतरली. "हे आपलं काम नाही," म्हणाली. मेहुणे हसून म्हणाले, "तू कशाला चालवायचीस? मी आहे ना!" हे वाक्य आमच्या पिढीतल्या किती बायकांनी ऐकलंय! बँकेचे कागद, विमा, फ्यूजचा डबा, सगळीकडे "मी आहे ना". आणि एक दिवस ते नसतात, किंवा असतात पण छाती धरून खाली बसलेले असतात. माझ्या यजमानांच्या वेळी मला घरातला पाण्याचा मेन कॉक कुठे आहे तेसुद्धा शोधावं लागलं होतं. मी निदान पुण्यात होते, शेजारी होते.

हिवाळ्यात ही मंडळी ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटच्या बाजूला राहणार आहेत. तिथे सरकारी वाळवंटी जमिनीवर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा मोसमी परवाना मिळतो, हजारो निवृत्त लोक येतात. उत्तम कल्पना. पण पुढे उन्हाळ्यात दुसऱ्या सरकारी जमिनींवर बहुतेक ठिकाणी 14 दिवसांची मुदत असते, आणि मोबाइलला रेंज असेलच असं नाही. समजा, मेहुण्यांना काही झालं. "ॲम्ब्युलन्स येते," कबूल. "बहीण मागची मोटार सोडून घेऊन जाईल," तेही कबूल. मग घर? तिचे कपडे, औषधं, कागदपत्रं, झोपायची जागा, सगळं त्या बसमध्ये, आणि बस हलवणारा माणूस दवाखान्यात तीन आठवडे. मुदत संपली की ती कोण हलवणार? मुलगा सिएटलहून विमानाने येऊन? आणि दवाखाना राहू द्या, नुसता मोतीबिंदू झाला, मान आखडली, तर रोजचे दीडशे मैल एकाच माणसाने किती दिवस चालवायचे?

म्हणून माझं माप फुटांत नाहीच. दोघांपैकी ज्याला गाडी चालवायची धास्ती जास्त, त्याला जी एकट्याने शहरापर्यंत नेता येईल आणि तिथे उभी करता येईल, ती मोठ्यात मोठी गाडी. आमच्याकडे ती 25 फुटी भरते, आणि हे मी अंदाजाने सांगत नाही. त्याच 2023 च्या सहलीत मेहुण्यांचं पोट बिघडलं, तेव्हा कनाबपासून पेजपर्यंतचे सत्तरेक मैल तिने चालवले. पहिले दहा मैल दोघीही बोललो नाही. मग तिने रेडिओ लावायला सांगितला.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळते, म्हणजे आमचा भाचा. त्याच्या मते मावशी-काकांनी 19 फुटांची व्हॅन घ्यावी, मोकळं हिंडावं. दाखला म्हणून तो जॉन स्टाइनबेकचा देतो, की 1960 साली त्याने छोट्या ट्रकवर खोकं बसवून अमेरिकेला प्रदक्षिणा घातली. घातली बाळा, पण त्याचं वय होतं 58, सोबत एक कुत्रा, आणि तीनेक महिन्यांत तो घरी परतला. व्हॅनमधला पलंग बहुधा आडवा असतो. भिंतीकडे झोपलेल्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं. सत्तरीत माणूस रात्री किती वेळा उठतो हे भाच्याला अजून ठाऊक नाही. दोन्ही बाजूंनी उतरता येणारा पलंग किंवा दोन सुटे पलंग, आणि न्हाणी अशी की आंघोळीने संडास भिजणार नाही, एवढं हवंच. ते 24-25 फुटांत बसतं, 19 फुटांत नाही.

25 फुटीतही डोळे झाकून घेऊ नये. केबिनच्या वरचा पलंग शिडीचा. गुडघे असलेल्यांनी तिथे ट्रंका ठेवाव्यात. भिंत बाहेर सरकणारी असेल तर ती आत घेऊन बघावी, की तेव्हा संडास आणि फ्रिजपर्यंत पोचता येतं का. वाटेत जेवायला थांबल्यावर दर वेळी भिंत कोण सरकवणार? आणि दाराजवळचा वजनाचा पिवळा कागद वाचावा. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर असतं. छोट्या सांगाड्यांवर ते फार नसतं, आणि 30 गॅलन पाणीच अडीचशे पौंडांचं होतं. हत्यारांच्या पेट्यांचा निकाल तिथेच लागेल.

मेहुणे, तुमची मोठी गाडी रस्त्यावर डुलत नाही, वाऱ्याला दबत नाही, हे मला मान्य. तरी विक्रेत्याला पैसे देण्याआधी एप्रिलमध्ये दोन आठवडे 25 फुटी भाड्याने घ्या. त्यातले निदान दोनशे मैल बहीण चालवेल, इंधनही तीच भरेल, सांडपाण्याची टाकी रिकामी करणं तीच शिकेल. तुम्ही शेजारच्या सीटवर बसायचं, आणि ब्रेक तुमच्याच पायाखाली असल्यासारखं तिच्या प्रत्येक वळणावर पाय दाबायचे नाहीत.